दोन खांबांमधला समुद्र

मझौलीचा वराह समोरून पाहून मन भरत नाही. त्याच्या कुशीपाशी उभं राहून तो पाहावा लागतो. जबलपूर जिल्ह्यातलं, सिहोऱ्याजवळचं हे गाव, आणि त्यातलं कलचुरी काळाची आठवण जपणारं विष्णु-वराहाचं देऊळ. इथला वराह चारी पायांवर उभा आहे, सबंध पशुरूपात, आणि त्याच्या अंगभर देवतांच्या ओळींवर ओळी कोरल्या आहेत. नजर एका ओळीवरून दुसरीवर उतरते, पाठीवरून पोटाकडे येते, पुन्हा वर जाते. दगडसुद्धा सावकाश वाचायचा असतो हे मला अशा मूर्तींनी शिकवलं. आणि ज्याला दगड वाचायची सवय लागली, त्याला नाणं वाचण्यावाचून राहवत नाही.

या खेपेला बरोबर भाचा होता, आणि त्याच्याजवळ नवं घेतलेलं यंत्र, जमिनीतला धातू शोधणारं. देवळाच्या आसपास ते पिशवीतून काढायचंसुद्धा नाही, हे मी गाडीतच बजावलं होतं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. शिवाय मातीतून उपसलेलं नाणं म्हणजे पोथीतून फाडलेलं पान. ते कुठल्या थरात होतं, कुणाशेजारी होतं, हे एकदा पुसलं गेलं की पुन्हा लिहिता येत नाही. भाच्याने ऐकलं. पण देवळाबाहेर चहा घेताना त्याने मोबाइल पुढे केला. दूर कुठल्याशा देशात एक माणूस कानाला यंत्र लावून शेतात चालतोय, एकाएकी उंच, स्वच्छ सूर वाजतो, तो वाकून माती बाजूला करतो आणि तळहातावर काळपट पडलेली चांदीची चकती घेतो. त्यावर दोन खांब. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतीचं नाणं.

“मामा, इथे असं सापडेल का?”

“असं नाही सापडायचं,” मी म्हणालो. “पण त्याची चांदी सापडेल.”

त्याला ते कोडं वाटलं. खरं तर ते आपल्या सगळ्या जुन्या व्यापाराचं गुपित आहे. पण गुपिताकडे जाण्याआधी ते नाणं नीट पाहायला हवं. ज्याचा चेहरा आपण वितळवला, तो चेहरा किती देखणा होता हे तरी कळायला नको?

हे नाणं आधी कानाने भेटतं. चांदीइतका वीजवाहक धातू दुसरा नाही, म्हणून यंत्र तिच्यावरून गेलं की सूर उंच लागतो. खिळ्याचा सूर वेगळा, चांदीचा वेगळा. पण यात यंत्राचं नवल काय? आपले सराफ शेकडो वर्षं हेच करत आले. नाणं दगडावर टाकायचं, कान द्यायचा. चांदीत भेसळ फार झाली की नाद बसतो. ‘खणखणीत’ हा आपला शब्दच टाकसाळीतून आणि सराफकट्ट्यावरून आलेला वाटतो. माणूस खणखणीत, गाणं खणखणीत, उत्तर खणखणीत. ‘बट्टा’सुद्धा तिथलाच: नाणं जुनं झालं, झिजलं की त्याच्या किमतीतून जी तूट कापली जाई तो बट्टा. पुढे तो लोकांच्या नावाला लागू लागला.

कानाने भेटलेल्या नाण्यांची एक खरी गोष्ट फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर घडली. १७१५ च्या जुलैअखेर क्यूबातल्या हवानाहून स्पेनकडे निघालेला चांदीचा तांडा चक्रीवादळात सापडला आणि त्या किनाऱ्यालगत फुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर नावाचा एक घरबांधणी करणारा माणूस तिथल्या वाळूत चांदीच्या वेड्यावाकड्या चकत्या वेचू लागला. त्याच्या हाती लष्कराने मोडीत काढलेलं, सुरुंग शोधायचं यंत्र होतं. मारण्यासाठी पेरलेलं शोधायला जे घडवलं गेलं, ते चांदी शोधू लागलं. वॅग्नरची हुशारी मला यंत्राहून अधिक भावते. नाण्यांवरची सालं तो वाचत गेला, आणि एकही साल १७१५ च्या पुढचं निघेना. ज्या सालाशी नाणी थांबली, त्याच साली ती जहाजं थांबली होती. नाण्यांनीच आपली मृत्युतिथी सांगितली. पुढे त्याने सोबत्यांबरोबर काढलेल्या संस्थेचं नावही आठ रियालांच्या नाण्यावरूनच घेतलं.

वॅग्नरला सापडली ती बहुतेक हातोड्याने ठोकलेली, कातरीने वजनाला आणलेली नाणी. त्यांची कडा फुटकी, छाप अर्धाच उमटलेला. मी ज्याच्यापाशी थांबणार आहे ते त्यांच्या पुढच्या पिढीचं: मेक्सिकोच्या टाकसाळीतलं, १७३९ सालचं, आठ रियालांचं. ते मी एका प्रदर्शनात काही मिनिटं हातात घेतलं होतं. वजन २७ ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडं जास्त. तळवा भरतो. आपल्या रुपयाची सवय असलेल्या हाताला ते जडच वाटतं.

आधी कडेवर अंगठा फिरवावा. कडेने पानांची नक्षी धावते. ती शोभेसाठी नाही, राखणीसाठी आहे. जुन्या नाण्यांच्या कडा लोक कातरून चांदी काढून घेत आणि उरलेलं पुऱ्या किमतीला खपवत. १७३२ पासून मेक्सिकोत स्क्रूच्या दाबयंत्रावर गोल, एकसारखी नाणी पडू लागली आणि कडेवर ही वेल आली. जरा कातरलं की वेल तुटते, चोरी उघडी पडते. रखवालदाराला इतकं सुंदर रूप फार कमी वेळा मिळालं असेल.

आता खांबांची बाजू. खाली समुद्र आहे. लाटा लहान, गोलसर, एकामागून एक चढणाऱ्या. त्या लाटांतून पृथ्वीचे दोन गोल वर आलेत, एकमेकांवर थोडे चढलेले, जणू एकाच वेलीची दोन फळं. एक जुनं जग, एक नवं. दोघांवर मिळून एकच मुकुट. दोन्ही अंगांना एकेक खांब, त्यांच्याही डोक्यावर मुकुट, आणि खांबांना गुंडाळलेल्या फिती. डाव्या फितीवर ‘प्लुस’, उजव्या फितीवर ‘उल्त्रा’. म्हणजे ‘आणखी पलीकडे’. हे हर्क्युलिसचे खांब, भूमध्य समुद्राचं तोंड जिथे महासागरात उघडतं तिथले. जुन्या समजुतीप्रमाणे त्यांच्यापलीकडे जायचं नव्हतं; जग तिथे संपत होतं. स्पेनच्या राजाने त्या समजुतीतला नकार काढून टाकला आणि उरलेलं आपलं ब्रीद केलं. वरून गोल फिरणारी अक्षरं सांगतात: ‘उत्राक्वे उनुम’, दोन्ही मिळून एक. तळाशी साल, आणि सालाच्या दोन्ही बाजूंना ‘एम’ अक्षर, त्याच्या डोक्यावर चिमुकलं ‘ओ’. मेक्सिकोच्या टाकसाळीची ही खूण.

या रचनेत मला सगळ्यांत आवडतात त्या लाटा. खांब, मुकुट, ब्रीद ही सगळी सत्तेची भाषा आहे, आणि सत्तेची भाषा कुठल्याही राज्यात थोडीफार सारखीच असते. पण नाण्याच्या तळाशी पाणी खेळवायचं हे ज्याला सुचलं, तो कारागीर मोठा. त्याने साम्राज्याला जमीन दिली नाही. एवढं मोठं राज्य, दोन गोलार्धांवर पसरलेलं, आणि उभं कशावर? लाटांवर. कोरणाऱ्याच्या मनात असं काही असेल असं मी म्हणत नाही, पण नाणं ते सांगतं. दोन खांबांमधला तो हाताच्या नखाएवढा समुद्र हलतो. चांदी तिरकी धरली की त्यावरून उजेड सरकतो, आणि क्षणभर वाटतं की गोल खाली-वर झाले.

मझौलीच्या कुशीतून आलेल्या माणसाला इथे वराहाची आठवण न होणं अशक्य आहे. आपल्याकडेही पृथ्वी पाण्यातून वर येते. पण तिला एकाचा दात लागतो, त्याची मान लागते, पाय रोवायला जागा लागते. वर काढणाऱ्याचं सगळं बळ शिल्पात दिसतं. स्पेनच्या नाण्यावर पृथ्वी आपोआप वर आली आहे, आणि तिच्यावर आधीच मुकुट बसलाय. उचलणारा दिसत नाही. तो कुठे गेला, हे पुढे येईलच.

वराह आणि नाणं हे नातं मी ओढूनताणून जोडत नाही. नवव्या शतकात कनौजच्या प्रतिहार भोजाने कमअस्सल चांदीची नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूला वराह आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘श्रीमदादिवराह’ अशी अक्षरं. त्या अक्षरांखाली बारकाईने पाहिलं तर इराणच्या सासानी नाण्यांवरच्या अग्निवेदीचा मोडकातोडका अवशेष दिसतो. परदेशी चांदी आपल्याकडे येणं नवं नाही. तिचा चेहरा आपल्या हाती बदलणंही नवं नाही. सासानी राजाचं मुख आपल्या कारागिरांनी नकलांवर नकला करत इतकं झिजवलं की शेवटी ठिपके आणि रेघा उरल्या. त्यांना लोक गधैया म्हणू लागले. आणि इथून जवळच्या त्रिपुरीच्या गांगेयदेव कलचुरीने अकराव्या शतकात सोन्यावर चतुर्भुज लक्ष्मी बसवली. ती इतकी चालली की पुढच्या दीडदोनशे वर्षांत उत्तरेतल्या कितीतरी राजांनी ती उचलली; मुहम्मद घोरीच्या नावानेही लक्ष्मीचं नाणं निघालं. नाण्यावरचं चित्र लोकांच्या हाताला पटलं की ते धर्म आणि राज्य ओलांडून जातं.

स्पेनचे खांबही असेच गेले, पण आपल्याला वळसा घालून. अरब मुलखात लोकांना ते दोन खांब तोफांसारखे वाटले, म्हणून त्यांनी या नाण्याला ‘तोफवालं’ अशा अर्थाचं नाव दिलं. मला हे वाचन फार खरं वाटतं. खांबांकडे पाहून त्यांना तोफ दिसली, ती उगीच नाही. चीनमध्ये पुढच्या नाण्यांवरचा स्पेनच्या राजाचा चेहरा पाहून लोक त्याला बुद्धाचं मस्तक म्हणाले. अमेरिकेने आपला डॉलर याच नाण्यावरून बेतला. जिथे जिथे ते आहे तसं चाललं, तिथे तिथे त्याला एक टोपणनाव मिळालं.

नाणं उलटवू या. दुसऱ्या बाजूला ढाल, तिच्यावर मुकुट. ढालीचे चार भाग: दोनांत गढी, दोनांत सिंह. गढी म्हणजे कास्तील, सिंह म्हणजे लेओन. नावांचं चित्र केलंय. मधोमध तीन कमळासारखी फुलं, फ्रान्सहून आलेल्या बूर्बाँ घराण्याची. आणि तळाच्या टोकाशी, जिथे नजर शेवटी पोचते तिथे, एक डाळिंब. ग्रानादा शहराचं नाव डाळिंबावरून आहे असं मानतात, आणि १४९२ साली ते शहर जिंकल्यावर हे फळ राजचिन्हात आलं. इतक्या सिंहांच्या आणि गढ्यांच्या गर्दीत हे एकच खाण्याजोगं काहीतरी आहे.

या बाजूची अक्षरं मात्र मराठी माणसाने दोनदा वाचावीत. ‘फिलिप पाचवा, देवाच्या कृपेने, हिस्पान एत इंद रेक्स’, म्हणजे स्पेनचा आणि इंडियांचा राजा. कोलंबस पश्चिमेला निघून ज्या किनाऱ्याला लागला त्याला तो हिंदुस्थानचा पदर समजला. त्या चुकीचं नाव अडीचशे वर्षांनी मेक्सिकोच्या चांदीवर कोरलं जात होतं, आणि ती चांदी जहाजांत भरून खऱ्या हिंदुस्थानात येत होती. आपल्याच नावाचा शिक्का मारलेली परकी चांदी आपल्या बंदरात उतरत होती. सुरतेच्या सराफाला लॅटिन कुठलं कळायला. पण त्या तीन अक्षरांवरून त्याचं बोट नक्की फिरलं असणार.

आणि ते नुसतं चुकीचंच होतं असंही नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. त्या काळात गोवा, चौल, वसई, दीव आणि मुंबईची बेटं यांचा धनी माद्रिदचा राजा होता. नाण्यावरचं ‘इंद’ अमेरिकेसाठी होतं खरं, पण त्या साठ वर्षांत वसईचा एखादा भंडारीसुद्धा त्या अक्षरांच्या कक्षेत येत होता. १७३९ ची गोष्ट निराळी. ज्या वर्षी मेक्सिकोत हे नाणं पडलं, त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

वसईवरून मला नेहमी घंटा आठवतात. त्या मोहिमेच्या लुटीतल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांत नेऊन टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आणि क्रूसही. त्या कुणी वितळवल्या नाहीत. तोफा ओतायला कांशाची गरज असणाऱ्या काळात वितळवल्या नाहीत. क्रूससकट त्या महादेवापुढे वाजत राहिल्या, कारण त्यांचा नाद गोड होता. नाण्याचा नादही गोडच होता, पण नाण्याला ते भाग्य लाभलं नाही. सोन्याच्या व्हेनिसी नाण्याला तेही लाभलं: त्याला आपण पुतळी म्हणालो, आणि पुतळ्यांची माळ आपल्या बायकांच्या गळ्यात आली, ती आजतागायत आहे. चांदीच्या या थोर नाण्याच्या वाट्याला मात्र मूस आली.

ते का, हे कळायला ढालीच्या शेजारची बारीक अक्षरं पाहायला हवीत. उजवीकडे आठाचा आकडा, म्हणजे आठ रियाल. डावीकडे ‘एम’ आणि ‘एफ’. ही मेक्सिकोच्या टाकसाळीतल्या दोन पारख्यांच्या नावांची आद्याक्षरं. या चांदीचा कस आम्ही पाहिला आहे, चुकला तर आम्हाला धरा, असा त्यांचा अर्थ. राजाच्या नावाहून मला ही अक्षरं मोठी वाटतात. राजाचं नाव जन्माने मिळालेलं असतं. या दोघांनी आपलं नाव प्रत्येक नाण्यागणिक पणाला लावलेलं असतं.

आणि पणाला लावलेलं नाव बुडूही शकतं. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या टाकसाळीत सतराव्या शतकाच्या मध्याला मोठी भेसळ उघडकीला आली. चांदीच्या व्यापाऱ्यांनी आणि पारख्यांनी संगनमताने कस उतरवला होता. गोमेझ दे ला रोचा या व्यापाऱ्याला १६५० साली देहदंड झाला, हिणकस नाणी परत बोलावली, आणि १६५२ पासून पोतोसीच्या नाण्याचा छापच बदलला. नव्या छापात काय आलं? खांब आणि लाटा. गेलेली पत परत आणायला समुद्र बोलावला गेला. एवढं करूनही पूर्वेकडच्या बाजारांत पोतोसीच्या चांदीकडे बरीच वर्षं संशयाने पाहिलं जाई. पुढे १७७२ साली नाण्यावर राजाचं मुख आलं, आणि त्याच साली कस गुपचूप खाली उतरवला गेला. चेहरा पुढे करून चांदी मागे घेतली. म्हणून मला चेहऱ्याची नाणी कधीच खांबांच्या नाण्यांइतकी आवडली नाहीत.

आपला सराफ कुणाच्याच आद्याक्षरांवर विसंबणारा नव्हता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात हिंदुस्थानभर हिंडला. कसोटीवर घासलेल्या सोन्याचा कणही वाया जाऊ नये म्हणून इथले सराफ डांबर आणि मेणाची गोळी दगडावर फिरवून ते कण टिपून घेतात, आणि काही वर्षांनी ती गोळी जाळून सोनं काढतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. अशा लोकांपुढे फिलिप राजाची ढाल काय टिकणार? शिवाय मोगली अमलात परकं नाणं बाजारात चालतच नसे. चांदी कुणाचीही असो, टाकसाळीत न्यायची, घडणावळ भरायची, रुपये करून घ्यायचे. मोगली रुपया जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. आठ रियालांचं नाणं अकरा-बारांश कसाचं. हिशेब मांडला तर एका नाण्यात दोन रुपयांहून थोडी अधिक चांदी निघे. इंग्रजांची कंपनी, डच, पोर्तुगीज, सगळे आपल्या कापडासाठी, मिऱ्यांसाठी, निळीसाठी हीच चांदी घेऊन आले, कारण त्यांच्या दुसऱ्या मालाला इथे फारसं गिऱ्हाईक नव्हतं. इंग्लंडात लोक ओरडत की आमची चांदी हिंदुस्थानात बुडते आहे; १६२१ साली टॉमस मन याला या व्यापाराची बाजू घेऊन पुस्तक लिहावं लागलं. त्यांच्या दृष्टीने ती बुडतच होती. १८०५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘अर्ल ऑफ अॅबरगॅव्हेनी’ हे कंपनीचं जहाज बंगालकडे जाताना बुडालं, त्यात चांदीच्या डॉलरच्या ६२ पेट्या होत्या. कप्तान जॉन वर्ड्‌स्वर्थ, कवी विल्यमचा भाऊ, जहाजाबरोबर गेला. त्या पेट्या इथे पोचल्या असत्या तर त्यांचेही रुपयेच झाले असते.

मुंबईच्या कंपनी टाकसाळीला १७१७ च्या फर्मानाने मोगल बादशहाच्या नावाने रुपये पाडायची मुभा मिळाली. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. मेक्सिकोतलं हे १७३९ चं नाणं मुंबईला उतरतं. मूस लाल होते. गढ्या, सिंह, डाळिंब, दोन्ही गोल, सगळं एका लकाकत्या थेंबात मिसळतं. शेवटी त्या लाटा पुन्हा खऱ्या अर्थाने पातळ होतात. थंड झालेल्या चकतीवर फारसीत मुहम्मदशहाचं नाव आणि मुंबईचं नाव उठतं. स्पेनच्या राजाची चांदी, इंग्रज व्यापाऱ्याची टाकसाळ, दिल्लीच्या बादशहाचं नाव. ‘दोन्ही मिळून एक’ हे ब्रीद नाण्याने मेल्यावर खरं केलं.

आणि त्या चांदीवर जे कधीच कोरलेलं नव्हतं, ते मुशीत जायच्या आधीही दिसत नव्हतं. पृथ्वी उचलणारा कुठे गेला, असं मी मघाशी म्हणालो. तो खाणीत होता. पोतोसीचा डोंगर १५४५ मध्ये चांदीसाठी फुटला, आणि १५७० च्या दशकापासून सभोवतालच्या मुलखातल्या आदिवासी पुरुषांवर पाळीपाळीने खाणकामाची वेठ लादली गेली. दरवर्षी तेरा हजारांच्या आसपास माणसं. मेक्सिकोत १५५४ साली पाचुका इथे बार्तोलोमे दे मेदिनाने पाऱ्याची रीत बसवली: खनिजाचा चुरा, मीठ आणि पारा यांचा चिखल अंगणात पसरायचा, तो आठवडेच्या आठवडे तुडवायचा, मग पारा उडवून चांदी घ्यायची. उडालेला पारा जायचा कुठे? तुडवणाऱ्यांच्या आणि भट्टीजवळच्या माणसांच्या अंगात. वराहाच्या शिल्पात ताणलेली मान दिसते. इथे ती मान नाण्याबाहेर ठेवली आहे. रसिकाने हे जाणून घ्यावं आणि तरीही लाटा पाहाव्यात. लाटा पाहाव्यात म्हणून हे विसरू नये.

मझौलीपर्यंत ही चांदी कशी आली असेल, तो रस्ता मला या मुलखावर राज्य करणाऱ्या गढामंडल्याच्या इतिहासात दिसतो. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचं हे राज्य घेतलं. सागरला मराठ्यांची टाकसाळ होती, तिथल्या रुपयांवर शाह आलमचं नाव आणि ‘रवीशनगर सागर’ अशी अक्षरं. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचा हा पट्टा नागपूरकर भोसल्यांना दिला, १८१७ मध्ये तो कंपनीकडे गेला. मग १८२० च्या सुमाराला इंग्रजांनी सागरलाच नवी टाकसाळ उभारली, कॅप्टन प्रेसग्रेव्हच्या देखरेखीखाली. दहाबारा वर्षं ती चालली. जुनी देशी नाणी तिथे मोडीत गेली आणि नवे रुपये बाहेर पडले. म्हणजे एकाच चांदीने मेक्सिकोत फिलिपचं नाव घेतलं, मुंबई-सुरतेला मुहम्मदशहाचं, सागरला शाह आलमचं, आणि १८३५ नंतर कंपनीचं. त्या सालच्या कायद्याने रुपयाचा कस ठरला अकरा-बारांश. बरोबर १७३९ च्या नाण्याचा कस! हा योगायोगच आहे, पण मला तो आवडतो. शंभर वर्षं शुद्ध होत, हिणकस होत, हात बदलत ती चांदी फिरून आपल्या पहिल्या कसाला येऊन बसली.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीत याच मुलखात लोकांनी गाडग्यांत रुपये घालून ते अंगणात, चुलीखाली पुरले. शांतता आल्यावर ज्यांनी पुरले ते सगळे परतले नाहीत. मझौलीच्या आसपासच्या मातीत असं गाडगं असेल, तर त्यात खांब नाहीत आणि गढीही नाही. पण त्यातल्या रुपयात पोतोसी असू शकेल.

परतताना आम्ही जबलपूरला ताईकडे थांबलो. भाच्याने आईला सगळं भराभर सांगितलं, निम्मं चुकीचं, पण डाळिंब बरोबर लक्षात ठेवलं होतं. ताई उठली, देवघरातला छोटा डबा घेऊन आली. लक्ष्मीपूजनाला ठेवतात ते राणीछाप रुपये. आमच्या आजीकडून आलेले. त्यातला एक १८४० चा, कंपनीच्या नावाचा, तरुण राणीचं मुख झिजून गुळगुळीत झालेलं. माझ्या लहानपणी आजी तो पाटावर टाकून आम्हाला वाजवून दाखवायची.

भाच्याने रुपया जमिनीवर ठेवला आणि पिशवीतून यंत्र काढलं. पाण्यावरून काठी फिरवावी तसं हळूच त्यावरून नेलं. उंच, स्वच्छ सूर वाजला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मोबाइल काढून दुपारचा तो माणूस आणि त्याचं शेत पुन्हा लावलं, आणि तिथला सूर येईपर्यंत थांबून राहिला. मग यंत्र बंद केलं, रुपया उचलला, आणि पाटाच्या कडेवर टाकून आपल्या कानाने ऐकला.